विषयांची वही

आमच्या विभागात विषयांची वही माझ्या ताब्यात असते.
लाल कापडी पुठ्ठा, पानांचे आकडे हाताने घातलेले.
विद्यार्थी, मार्गदर्शक, विषय,
आणि शेवटच्या रकान्यात
दगडाचे छेद किती करून दिले, त्याखाली माझी सही.

दर जुलैत साधारण तेच येतं.
खाडीच्या गाळातलं शिसं. बोअरचं मचूळ पाणी.
येऊरच्या ओढ्यातले गोटे.
एकाने घेतलं होतं, पानांवरच्या धुळीचं चुंबकत्व.
घोडबंदर रोडने महिनाभर
पिंपळाची पानं पिशवीत भरत हिंडला,
पोरं त्याला बकरीवाला म्हणायची.

अंबिका कुसाळकरने लिहिलं,
'नसलेल्या टेकडीचा उभा छेद'.
सरांनी 'नसलेल्या' खोडलं.
तिने परत लिहिलं.
शेवटी ठरलं, 'तुर्भे परिसरातील उत्खनित
बेसॉल्ट प्रवाहांची पुनर्रचना'.
वहीत दोन्ही आहेत. मी खोडरबर ठेवत नाही.

तिचा बाप यल्लाप्पा, बावीस वर्षं खाणीवर.
खाण बंद पडली तेव्हा
टेकडीच्या जागी खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी.
मोजायचं काय?
टेकडी तर सेक्टरासेक्टरांत वाटली गेलेली,
गटारांच्या कडेला, कंपाउंडांच्या पायात,
रुळांखाली खडी होऊन.
म्हणून रविवारी ती बापाला घेऊन निघायची.
कोपरखैरण्याच्या कुठल्याशा सोसायटीच्या भिंतीशी
तो उकिडवा बसायचा,
हातोडीचा दांडा दगडावर टेकवल्यासारखा मारायचा
आणि कान द्यायचा.
"ह्यो वरल्या अंगाचा. खोटा बोलतोय."
"ह्यो तळाचा. ह्यानं लई घाम काढला."
वॉचमन विचारायचा, काय चाललंय?
ती म्हणायची, प्रोजेक्ट.

चौदा नमुने मी घासले.
काचेला चिकटवलेली चकती
कार्बोरंडमच्या ओल्या पुडीत फिरवायची, मराठी चारसारखी, आठसारखी,
केसाहून पातळ होईस्तोवर.
हात एकदा जास्त फिरला तर उरते नुसती काच.
पंचवीस वर्षं झाली, ती धाकधूक गेली नाही.
मग सूक्ष्मदर्शकाखाली काळा दगड
काळा राहतच नाही.
काड्या दिसतात, राखाडी, पांढऱ्या, विस्कटलेल्या,
आणि मध्येच गोल रिकामी जागा:
लाव्ह्यातून वर निघालेला बुडबुडा,
वाटेतच थिजलेला.
वरच्या अंगाला असे बुडबुडे जास्त.
म्हणजे बापाचा 'खोटा' खरा.

चौदापैकी अकरा जुळले.
तीन नाही.
ती म्हणाली, बाबांचं चुकलं असेल.
बाबा म्हणाले, "तुझ्या दुर्बिणीचं चुकलं असंल."
दोन्ही वाक्यं तिने प्रबंधात घातली होती,
सरांनी एक ठेवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक.
नमुना सात, मूळ ठिकाण?
तिने अक्षांश सांगितले, रेखांश सांगितले.
उंची?
एकशे दहा मीटर.
त्यांनी नकाशावर चष्मा नेला.
इथे जमीन तर चाळीसवर दिसतेय.
"हो सर. वर हवा आहे."
पंखा फिरत होता.
त्यांनी पान उलटलं.
आणि हा तक्त्यातला 'आवाज' नावाचा रकाना?
त्याचं एकक काय?

तेवढ्यात चहा सांगायला मी बाहेर आलो.
यल्लाप्पा जिन्यात बसला होता,
इस्त्रीचा शर्ट, हातात मुलीची पाण्याची बाटली.
बोटाच्या पेराने पायरी वाजवत होता.
कुठली? मी विचारलं.
"आमची न्हवं," म्हणाला.
मी चार पायऱ्या उतरलो असेन,
मागून परत वाजवल्याचं ऐकू आलं.